वाचकांचे प्रश्न : काळं पडलंय का रंगलंय? (जुन्या अमेरिकन क्वार्टरचा नाद)

मागच्या अंकात माझ्याकडच्या १९५७ सालच्या एका अमेरिकन क्वार्टरचा फोटो छापला होता, कडेला निळं-जांभळं कडं आणि मध्ये सोनेरी. नुसता फोटो आणि खाली दोन ओळी, पण त्यावर एवढे मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच द्यावं लागलं. क्वार्टर म्हणजे डॉलरचा चौथा भाग, २५ सेंट, आपल्या जुन्या पावलीसारखंच. ज्यांना यात काडीचा रस नाही त्यांनी पुढच्या पानावरचं पाककृतीचं बघावं, माझी काही हरकत नाही.

प्रश्न : माझी आत्या न्यू जर्सीला असते. तिथल्या शेजाऱ्यांनी घर विकताना एक जुना पुठ्ठ्याचा अल्बम तिला दिला, तो ती मागच्या महिन्यात घेऊन आली. त्यात ११ क्वार्टर आहेत, १९४१ ते १९५८. तीन नाण्यांच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग आहेत, बाकीची मळकट. आई म्हणते चांदी आहे, काळी पडली, दे इकडं, रांगोळीनं घासून लख्ख करते. घासू द्यावं का? – एक वाचक, राजारामपुरी

अजिबात नाही! आधी तो अल्बम कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा आणि मग पुढचं वाचा.

आईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडं चांदीचं निरांजन असो का लक्ष्मीपूजनाचं नाणं, दसरा-दिवाळीच्या आधी रांगोळी, चिंच, दंतमंजन, जे हाताला लागेल त्यानं घासायचं आणि चमकवायचं हाच घरचा रिवाज, काळी चांदी देवापुढं ठेवायची म्हणजे बाईच्या हाताला वळण नाही असं पूर्वी म्हणायचे. पण नाण्याचं गणित नेमकं उलटं आहे. रांगोळी म्हणजे दगडाचं पीठ, ते चांदीवर फिरलं की केसाएवढ्या बारीक हजारो रेघा पडतात, साध्या डोळ्याला ते पांढरं शुभ्र दिसतं पण दिव्याखाली जरा तिरकं धरलं की सगळ्या रेघा दिसतात आणि ज्याला कळतं तो माणूस नाणं तिथंच खाली ठेवतो. त्या रेघा परत भरून येत नाहीत. रंगही परत येत नाही, म्हणजे पुढं कधीतरी काळपट होईल, पण ते सत्तर वर्षांचं कडं गेलं ते गेलंच.

तुमच्या आत्याला मिळाला तसल्या पुठ्ठ्याच्या अल्बमला या नादात खास मान आहे. अमेरिकेत पूर्वी वेट रेमंड या नावाचे अल्बम मिळायचे, जाड पुठ्ठ्याला गोल भोकं आणि दोन्ही बाजूंनी पारदर्शक पट्ट्या सरकवायच्या. पुठ्ठ्यात गंधकाचा अंश असायचा, तो नाण्याच्या कडेकडून आत आत काम करत जायचा, म्हणून रंग कडेला गडद आणि मध्यात फिका. मिंटनंही, म्हणजे सरकारी टांकसाळीनंही, नकळत हेच केलं. १९४७ ते १९५८ मध्ये अमेरिकन टांकसाळ संग्राहकांना जे मिंट सेट, म्हणजे त्या सालच्या कोऱ्या नाण्यांचे संच, विकायची ते पुठ्ठ्यात बसवलेले असायचे, फक्त १९५० साली सेट निघाले नाहीत. १९५९ पासून प्लास्टिकची पाकिटं आली आणि पुठ्ठ्याचे ते रंग थांबले. म्हणून १९५६, ५७, ५८ चे रंगीत क्वार्टर एवढे दिसतात, आणि बऱ्याचदा एकच बाजू जास्त रंगलेली असते. तुमच्या १९५८ च्या नाण्याची मागची बाजू, गरुडाची, ती पण नीट बघा.

आता ती उरलेली आठ मळकट. त्यांनाही हात लावू नका. मळकट दिसणाऱ्यातलं एखादं खिडकीजवळ नेऊन तिरकं केलं की आत जांभळा निघतो, माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

प्रश्न : चांदी काळी पडते हे माहीत आहे. पण निळी, गुलाबी, हिरवी कशी होते? वेगवेगळी केमिकल असतात का? – बीएस्सीचा विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर

नाही रे बाबा, केमिकल एकच, सिल्व्हर सल्फाइड. हवेतला किंवा कागदातला गंधक चांदीला भेटला की त्याचा पातळ पापुद्रा तयार होतो, केसाच्या जाडीचा हजारावा भाग म्हण, किंवा त्याच्या आसपास. पहिल्या पावसात स्टँडसमोर रिक्षांच्या खाली पाण्यावर पेट्रोलचे रंग पसरलेले बघितलेस ना? तोच प्रकार. थोडा उजेड पापुद्र्याच्या वरून परततो, थोडा आत जाऊन खालच्या चांदीवरून परततो, दोन्ही एकमेकांत मिसळताना काही रंग मरतात आणि काही उठतात. कुठला रंग उठणार ते पापुद्र्याच्या जाडीवर. म्हणजे नाण्यावर रंग नाहीच, जाडी आहे.

आणि म्हणूनच रंगांचा क्रम ठरलेला असतो, हे लक्षात ठेव कारण पुढं नकली ओळखायला हेच कामाला येतं. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-किरमिजी, मग जांभळा आणि निळा, मग मोरपिशी, मग पुन्हा पिवळा, त्यानंतर राणी कलर आणि हिरवा, आणि पापुद्रा वाढतच गेला तर शेवटी काळं. हिरवा लई उशिरा येतो. कोरी पांढरी चांदी आणि तिला चिकटून एकदम गडद हिरवा, मध्ये पिवळ्या-किरमिजीची एक रेघसुद्धा नाही, असं दिसलं की शंका घ्यायची.

एक गोष्ट प्रॅक्टिकलमध्ये करून बघण्यासारखी आहे. रंगलेलं चांगलं नाणं हातात कडेला धरून दिव्याखाली हळूहळू फिरव. रंगाच्या खालून उजेडाचे दोन आरे चाकासारखे फिरतात. नाणं ठोकताना चांदी मधून कडेकडं सरकते, त्या सरकण्याच्या अतिबारीक रेघांवरून तो उजेड फिरतो. त्याला लस्टर म्हणतात. रंग कितीही भारी असू दे, खाली लस्टर मेलेलं असेल तर ते नाणं म्हणजे मेकअप केलेला आजारी माणूस.

प्रश्न : आम्ही हुपरीत तीन पिढ्या चांदीच्या कामात आहोत. पैंजणाला ऑक्सिडाइज करायला आम्ही गंधकाचंच पाणी वापरतो, पाच मिनिटात पाहिजे तो रंग काढून देतो, निळासुद्धा. मग तुमच्या त्या क्वार्टरला लोक जास्तीचे पैसे का देतात? उद्या मी असली पन्नास करून दिली तर? – एक कारागीर, हुपरी

दादा, सगळ्या पत्रांत हे पत्र मला जास्त आवडलं, कारण या धंद्यातल्या दुखऱ्या जागेवर तुम्ही नेमकं बोट ठेवलंय.

खरं आहे, करता येतं आणि करतातही. अमेरिकेत असल्या लोकांना कॉइन डॉक्टर म्हणतात. गंधकाचं पाणी, गॅस, उष्णता, ओव्हनमध्ये भाजणं, काय काय चालतं. मीही फसलोय, सांगतो. आठेक वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १९६४ चा क्वार्टर घेतला, फोटोत असा निळा की मोराची मान, साडेचार हजार मोजले. पार्सल आलं, मी खिडकीत बसून भिंग लावलं. नाण्यावरच्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या कानावरचे केस झिजून सपाट झालेले, म्हणजे नाणं कैक वर्षं लोकांच्या खिशात फिरलेलं, आणि त्या झिजलेल्या जागेवरही निळा तेवढाच दाट! गालावर एक जुना ओरखडा होता, त्याच्या आत पण तोच निळा, तेवढाच. आता विचार करा, खिशात फिरून झिजलं असेल तर रंग झिजल्यानंतर चढलाय, आणि सगळीकडं एका जाडीचा चढलाय म्हणजे एका दमात चढलाय. बायको म्हणाली, परत पाठवा. विक्रेत्यानं मेसेज बघितला आणि उत्तर दिलं नाही. ते नाणं अजून टेबलावर पेपरवेट आहे, नवीन पोरं आली की आधी तेच हातात देतो.

तर कारागीर म्हणून तुम्हाला जे चटकन दिसेल ते असं. हळूहळू चढलेल्या रंगाला पायऱ्या असतात, एकातून दुसरा उगवतो. अक्षरांच्या आणि तारखेच्या कडेला रंग थोडा मागं सरकलेला असतो, जणू अक्षराभोवती बारीक उजळ रेघ सोडलीय. घाईत केलेला रंग अक्षरावरून सरळ पाण्यासारखा वाहत जातो, किंवा वर तरंगल्यासारखा दिसतो. तुम्ही पैंजणाचं खोलगट काम काळं ठेवून वरचं घासता, त्यामुळं कुठं काय व्हायला पाहिजे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

पण सगळंच पकडता येतं असंही नाही. मुद्दाम पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये घालून खिडकीत दोन वर्षं ठेवलेलं नाणं आणि विसरून पन्नास वर्षं पडलेलं नाणं, यातला फरक कधीकधी कुणालाच सांगता येत नाही. माणसाच्या मनात काय होतं ते चांदीवर उमटत नाही. म्हणून ग्रेडिंगवाल्या, म्हणजे नाणं तपासून त्याच्या अवस्थेला नंबर देणाऱ्या कंपन्या, पीसीजीएस आणि एनजीसी या दोन मोठ्या, त्या शपथेवर सांगत नाहीत की रंग निसर्गानं दिलाय. बाजाराला पटेल असा आहे का, एवढंच बघतात. पटला तर नंबर देऊन प्लास्टिकच्या डबीत बंद करतात, नाही पटला तर रंग शंकास्पद म्हणून शेरा मारतात आणि मग त्या नाण्याला रंगाचा भाव मिळत नाही. एनजीसी तर खूप देखण्या नाण्याला नंबरच्या पुढं एक चांदणी देते.

तुमची पन्नास? करा की. फक्त ऑक्सिडाइज म्हणून विका, पैंजण विकता तसं. कुणी नाव ठेवणार नाही.

प्रश्न : कुठल्या सालापर्यंतचे क्वार्टर चांदीचे? माझ्याकडं १९६७ चा आहे, त्यावर पण जांभळट छटा आहे. – शाहूपुरी

बाजारात फिरणारे १९६४ पर्यंत. ९० टक्के चांदी, १० टक्के तांबं, वजन ६.२५ ग्रॅम. १९६५ पासून मध्ये तांबं आणि दोन्ही बाजूंनी तांबं-निकेलचा पत्रा, वजन ५.६७ ग्रॅम. कडेकडून बघा, तांब्याची लाल पट्टी दिसली की विषय संपला. गुजरीतल्या कुठल्याही सराफाच्या काट्यावर वजनही कळेल. तुमचा १९६७ चा चांदीचा नाही. त्यालाही रंग चढतो, पण त्यात तो खोलपणा नसतो, निदान मला तरी वाटत नाही. एक अपवाद १७७६-१९७६ अशी दोन सालं असलेला क्वार्टर, तो बाजारात तांबं-निकेलचाच फिरला, पण संग्राहकांसाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत ४० टक्के चांदीचेही पाडले होते, त्यावर एस अक्षर असतं, पण एस असलेला प्रत्येक चांदीचा नसतो.

प्रश्न : सुरुवात कुठल्या क्वार्टरपासून करावी? आणि भाव कसा ठरतो? – कसबा बावडा

वॉशिंग्टनचं तोंड असलेल्या क्वार्टरपासून. जॉन फ्लॅनगननं केलेलं डिझाइन, वॉशिंग्टनच्या जन्माला २०० वर्षं झाली म्हणून १९३२ साली आलं, १९३३ ला एकही पाडला नाही, १९३४ पासून पुन्हा सुरू. १९३२ च्या डेन्व्हर (डी) आणि सॅन फ्रान्सिस्को (एस) टांकसाळीच्या नाण्यांच्या मागं आत्ताच लागू नका, ती प्रत्येकी साडेचार लाखाच्याही आतच पाडली गेली आणि टांकसाळीचं डी किंवा एस अक्षर नकली चिकटवलेली पुष्कळ फिरतात. १९६४ पर्यंत हे अक्षर मागच्या बाजूला, गरुडाच्या खालच्या डहाळीच्या खाली असतं. १९५० च्या दशकातली घ्या, भरपूर आहेत, न झिजलेली मिळतात.

त्याच्या आधीचा स्टँडिंग लिबर्टी, १९१६ ते १९३०, हर्मन मॅकनीलचा, मला विचाराल तर सगळ्यात देखणा क्वार्टर तोच. हातात ढाल घेतलेली उभी बाई, आणि तिच्यावर मावळतीचे रंग चढले की काय सांगू राव. पण त्यात तारीख पायाखालच्या उंचवट्यावर होती, ती चटकन झिजून जायची, म्हणून १९२५ पासून ती खोलगट केली. तारीख नसलेला स्टँडिंग लिबर्टी कुणी 'दुर्मिळ' म्हणून दिला तर हात जोडा आणि निघा. त्याहून जुना बार्बर क्वार्टर, १८९२ ते १९१६, तो रंगीत आणि न झिजलेला मिळणं म्हणजे खिसा मोकळा करायचं काम.

भावाचं म्हणाल तर तळाचा भाव सोपा आहे, एका चांदीच्या क्वार्टरमध्ये ५.६२५ ग्रॅम शुद्ध चांदी, त्याला आजच्या गुजरीच्या दरानं गुणा. त्याच्या वर नाण्याच्या अवस्थेचा भाव, १ ते ७० च्या मोजपट्टीवर, ६० आणि त्याच्या पुढं म्हणजे न वापरलेलं. आणि त्याच्याही वर रंगाचा भाव, त्याला मोजपट्टी नाही. महाद्वार रोडला एकाच कापडाच्या दोन साड्या असतात, एकीच्या काठावर दोघींचा जीव जडतो आणि दुसरी दिवाळीपर्यंत घडीत राहते, तसंच आहे हे. रंगाला छापील यादी बघून पैसे देऊ नका, पाच-पंचवीस नाणी बघून झाल्यावर द्या. रंग तोंडावर असला की भाव जास्त, नुसता पाठीवर असला की कमी.

प्रश्न : विक्रेत्याच्या फोटोत इंद्रधनुष्य, हातात आल्यावर चॉकलेटी! दोनदा झालं. फसवणूक समजू का? – एक वाचक भगिनी, मंगळवार पेठ

ताई, अर्धी अर्धी. हे रंग एका ठराविक कोनातच उजळतात, ट्यूबलाइटखाली सपाट धरलं की खरंच चॉकलेटी दिसतं. आधी खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, एकच पिवळा दिवा ठेवा, नाणं त्याच्याखाली धरून तुमच्याकडं थोडं थोडं झुकवा. रंग उठला तर फोटोवाला खरा होता. तरीही नाही उठला तर त्यानं मोबाइलवर रंग वाढवलेत. ओळखायची एक युक्ती, फोटोत नाणं धरलेल्या बोटाकडं किंवा मागच्या कागदाकडं बघा, बोट केशरी आणि कागद निळसर दिसला तर नाणंही तसंच रंगवलेलं. यापुढं फोटोवर घेऊ नका, हातात फिरवलेला व्हिडिओ मागा, जो देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही.

प्रश्न : आपल्या पावसाळ्यात हे रंग टिकतात का? – रंकाळा परिसर

टिकतात, पण तुम्ही टिकवले तर. रंग चढायची क्रिया थांबत नाही, ती हळू करायची असते, नाहीतर आज मोरपिशी दिसणारं नाणं काही वर्षांनी काळं होईल. जून ते सप्टेंबर आपल्याकडं भिंतींनाही घाम फुटतो, तर नाण्यांच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी बदला. मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं, जी स्टेशनरीत स्वस्तात मिळतात, ती पीव्हीसीची असतात, त्यातून काही वर्षांत हिरवट चिकट घाण सुटते आणि चांदी खाते. कडक मायलर प्लास्टिकची घ्या. रबरबँड तर डब्याच्या आसपाससुद्धा नको, रबरात गंधक असतो, नाण्यावर काळी रेघ उमटते. लोकरीचं कापड, शाळेच्या वहीचा ब्राऊन पेपर, वर्तमानपत्र, सगळं लांब. देवघराच्या शेजारच्या कपाटातही नको, धुपाचा धूर लागतो.

आणि कृपा करून तांबडा-पांढरा ओरपून झाल्यावर त्याच हातानं पाहुण्यांना नाणी दाखवू नका! हात धुवून, पुसून, फक्त कडेला धरायचं. नाण्यावर वाकून बोलायचं पण नाही, थुंकीचा बारीक थेंब पडला तर तिथं ठिपका उठतो आणि तो जात नाही.

प्रश्न : माझ्याकडं आजोबांचा १८९९ चा बार्बर क्वार्टर आहे. ग्रेडिंगसाठी अमेरिकेला कुरियर करू का? – गडहिंग्लज

थांबा. आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना देशाबाहेर न्यायला बंदी आहे. नाणं परदेशी असलं तरी स्वतःच्या मनानं निर्णय घेऊ नका, आधी पुरातत्त्व खात्याकडं लेखी विचारा, मग कुरियरचं बघू.

प्रश्न : कोल्हापुरात बसून अमेरिकेची नाणी कशाला? आपली ब्रह्मपुरीला सापडलेली सातवाहनांची नाणी काय कमी आहेत? – नाव नको

कमी कोण म्हणतंय. टाऊन हॉलच्या म्युझियमला मी वर्षातून दोनदा तरी जातो. पण ती घरी आणता येत नाहीत, आणि आणूही नयेत.

सदर पूर्ण करून पाठवायच्या बेतात होतो तेवढ्यात राजारामपुरीच्या पहिल्या वाचकाचा मेसेज आला. उत्तर छापून यायच्या आतच आईंनी एक नाणं घासलं. अल्बममधलं सगळ्यात काळं उचललं म्हणे, १९४४ चं, रंगातल्या तिघांपैकी नव्हतं. आता पांढरं शुभ्र झालंय, आई खूश आहेत, आणि याला काही करता येईल का असं विचारलंय.

काही करायचं नाही. परत रंग चढवायचा तर अजिबात प्रयत्न नको, इंटरनेटवरचा बेकिंग सोडा आणि अॅल्युमिनियम फॉइलचा प्रयोग उरलेल्या दहांवर करू नका, डिपचं पाणी, म्हणजे चांदी बुडवून उजळायचं द्रावण, ते पण नको, त्यात रंगाबरोबर वरची चांदीही जाते आणि लस्टर मरतं. ते १९४४ चं आईंना देऊन टाका, यंदा लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवू दे. आणि उरलेल्या दहांचे दोन्ही बाजूंचे फोटो खिडकीच्या उजेडात काढून मला पाठवा, विशेषतः १९५८ च्या गरुडाचा.